गेमबॉय अ‍ॅडव्हान्स एसपीसाठी कोणती फ्लॅश कार्ट घ्यावी? (इंदूरकरांनी आवर्जून सांगा)

रामबागकर
नमस्कार मंडळी. घरी गेमबॉय अ‍ॅडव्हान्स एसपी आहे. मागच्या स्टिकरवर एजीएस-१०१ लिहिलंय, म्हणजे मागून उजेड येणारा, एसपीच्या दोन प्रकारांतला चांगला पडदा. बिजागरी घट्ट आहे, बटणं सगळी चालतात, बॅटरी नवीन टाकली. कॅसेटी थोड्याच उरल्यात. त्यातली पोकेमॉन रुबी चालू केली की आतली बॅटरी संपल्याचा संदेश येतो, आणि जुन्या गेमबॉयची पोकेमॉन गोल्ड तर सेव्हच धरत नाही.

पण धागा काढण्याचं खरं कारण भाची. अकरावीत आहे. जीबी स्टुडिओ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर स्वतःचा गेम बनवतेय, तोही मराठीत. एक मुलगी राजवाड्यापासून निघते, कृष्णपुरा छत्र्यांपाशी खान नदी ओलांडते, रस्त्यात लोक तिला कोडी घालतात. लॅपटॉपवर मस्त चालतो. आता तिला तो हातातल्या खऱ्या मशीनवर चालवून मैत्रिणींना द्यायचाय. मीही तिच्याइतकाच उतावीळ आहे.

त्यासाठी फ्लॅश कार्ट लागते, म्हणजे आपल्याला हवा तो गेम भरता येईल अशी कॅसेट. नेटवर वाचून डोकं गरगरलं. ईझेड-फ्लॅश ओमेगा डेफिनिटिव्ह एडिशन घ्यावी की एव्हरड्राइव्ह जीबीए मिनी? मंडईतली 'हजार गेम एकात' कॅसेट नको, स्वतःचं काही भरता येईल अशीच हवी. जाणकारांनी सांगा.

अन्नपूर्णा_रोड
रामबागकर, एवढ्या पैशात आजकाल चिनी हँडहेल्ड येतात, त्यात गेमबॉयपासून प्लेस्टेशनपर्यंत सगळं चालतं. नाहीतर फोनवर एम्युलेटर टाका, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. कार्टच्या फंदात का पडता?

रामबागकर
@अन्नपूर्णा_रोड, नुसतं खेळायचं असतं तर तुमचंच ऐकलं असतं. पण पोरीला तिचा गेम त्या मशीनवर पाहायचाय ज्याच्यासाठी तो बनवलाय. तेच बटण, तोच पडदा, तोच चिरका स्पीकर. ती हौस एम्युलेटरने भागत नाही, आणि भागावी असं मलाही वाटत नाही.

सोल्डरवाला
थांबा, ऑर्डर करू नका! तुम्ही लिहिलेल्या दोन्ही कार्ट भाचीच्या कामाच्या नाहीत.

जीबी स्टुडिओतून जी फाईल निघते ती जुन्या गेमबॉयची किंवा गेमबॉय कलरची असते, अ‍ॅडव्हान्सची नाही. ही दोन वेगळी मशीनं एका डब्यात बसवलेली आहेत. एसपीमध्ये अ‍ॅडव्हान्सच्या गेमसाठी एआरएम प्रोसेसर आहे आणि जुन्या गेमसाठी आठ बिटांचा वेगळा प्रोसेसर आहे. कोणता जागा करायचा हे कसं ठरतं माहितेय? खाचेत एक छोटीशी कळ आहे. जुन्या कॅसेटचा आकार असा असतो की आत जाताना ती कळ दाबली जाते, अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटने ती दाबली जात नाही. त्या कळीवरच व्होल्टेजही बदलतं: जुन्या कॅसेटला ५ व्होल्ट, अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटला ३.३ व्होल्ट.

म्हणजे ओमेगा किंवा एव्हरड्राइव्ह जीबीए घातलीत की मशीन अ‍ॅडव्हान्सच राहणार. जुना गेम त्यावर चालतो, पण गूम्बा कलर नावाच्या एम्युलेटरमधून. ज्या एम्युलेटरपासून पळताय तोच परत मागच्या दाराने घरात येतो.

भाचीसाठी गेमबॉयच्या आकाराची कार्ट बघा. ईझेड-फ्लॅश ज्युनिअर किंवा एव्हरड्राइव्ह जीबी. एसपीमध्ये ती थोडी बाहेर डोकावते, चालते मात्र खऱ्या प्रोसेसरवर. एल आणि आर दाबून चित्र ताणता येतं, न ताणता मधोमधही ठेवता येतं. मी न ताणताच ठेवतो. १६० बाय १४४ च्या चित्रात काढलेला प्रत्येक ठिपका जागच्या जागी दिसतो.

रामबागकर
सोल्डरवालादादा, हे कोणीच सांगितलं नव्हतं. सगळे रिव्ह्यू 'किती गेम बसतात' आणि 'मेन्यू किती छान' यावरच. भाचीला वाचून दाखवलं, ती म्हणाली "बघ, मी म्हणत होते ना आकार वेगळा आहे."

मग अ‍ॅडव्हान्सच्या कार्ट एवढ्या महाग का? निन्टेंडोच्याच डीएस या नंतरच्या मशीनच्या आर४ नावाच्या फ्लॅश कार्ट तर चणे-फुटाण्याच्या भावात मिळायच्या.

सोल्डरवाला
प्रश्न चांगला आहे, नीट सांगतो.

डीएसची कॅसेट मशीनच्या दृष्टीने फक्त साठवण आहे. लागेल तेवढा भाग वाचून मशीन तो आपल्या ४ एमबी रॅममध्ये घेतं आणि तिथून चालवतं. आर४ला तेवढंच सोंग आणायचं असतं, एसडी कार्डावरून वाचून पुढे द्यायचं. म्हणून सर्किट साधं, म्हणून स्वस्त.

अ‍ॅडव्हान्सचं तसं नाही. प्रोसेसर कॅसेटमधूनच थेट सूचना वाचतो, जणू कॅसेट ही त्याचीच मेमरी. एसडी कार्ड एवढं चपळ नसतं. त्यामुळे कार्टमध्ये वेगळी वेगवान रॅम बसवावी लागते आणि खेळण्याआधी पूर्ण गेम, जास्तीत जास्त ३२ एमबी, कार्डावरून त्यात ओतावा लागतो. सुरुवातीला जी वाट पाहावी लागते ती याची. ओमेगामध्ये वर एक नॉर फ्लॅशही आहे, म्हणजे वीज गेली तरी लिहिलेलं टिकवणारी मेमरी. नेहमीचा गेम एकदा तिच्यात लिहून ठेवला की पुढच्या वेळी लगेच सुरू. एव्हरड्राइव्ह मिनी कार्डावरूनच इतकी झटपट भरते की वाट पाहिल्यासारखं वाटत नाही. जुन्या सुपरकार्डची रॅम हळू होती, त्यामुळे काही गेम जागोजागी अडखळायचे, आणि प्रत्येक गेम आधी पीसीवर पॅच करून घ्यावा लागायचा. सेकंडहँडमध्ये स्वस्त दिसली तरी तिच्या वाटेला जाऊ नका.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. कार्ट निवडताना पहिला प्रश्न एकच: सेव्ह कुठे राहतो?

बऱ्याच कार्टांत सेव्ह आधी बॅटरीवर जगणाऱ्या रॅममध्ये जातो. मशीन पुढच्या वेळी चालू केलं की कार्टचा मेन्यू तिथून उचलून एसडी कार्डावर त्याची फाईल बनवतो. म्हणून लोक फसतात. खेळून झालं, सेव्ह केलं, बंद केलं, लगेच कार्ड काढून लॅपटॉपला लावलं, तर तिथे जुनाच सेव्ह. आणि ती नाण्याएवढी बॅटरी बसली तर मधल्या काळातला सेव्ह गेलाच. ओमेगा डेफिनिटिव्हमध्ये सेव्हसाठी एफरॅम नावाची मेमरी आहे, तिला बॅटरी लागतच नाही. आत जी बॅटरी आहे ती घड्याळापुरती. लहान मुलांच्या हातात देणार असाल तर मी डोळे मिटून हाच मुद्दा पहिला धरेन. तासन्‌तास खेळून पुढे गेलेलं पोर सेव्ह उडाल्यावर जे रडतं ते मी माझ्या टेबलासमोर पाहिलंय.

बडोद्याची_चिप
बडोद्याहून हात वर करते. मी गेमबॉयवर संगीत करते, एलएसडीजे हा संगीत रचायचा प्रोग्राम वापरून. आमच्याकडे सेव्ह म्हणजे गेममधली प्रगती नसते, गाणंच असतं. एलएसडीजेला १२८ केबी सेव्ह लागतो, साध्या जुन्या कॅसेटमध्ये बहुतेक वेळा ८ किंवा ३२ केबीच असायचे. म्हणून कार्ट घेताना १२८ केबी पूर्ण धरते का हे मी आधी पाहते.

आणखी एक. पोकेमॉन गोल्डसारख्या घड्याळवाल्या गेमसाठी कार्टमध्ये घड्याळ हवं. एव्हरड्राइव्ह जीबीत एक्स७ या मॉडेलला घड्याळ आहे, एक्स५ला नाही. नावं इतकी सारखी की घाईत चुकीची मागवली जाते. भाचीच्या गेमला घड्याळ लागत नसेल तर मात्र एक्स७चे जास्तीचे पैसे वाचवा.

रामबागकरांच्या भाचीला माझ्याकडून शाबासकी. पार्श्वसंगीत हवं असेल तर सांगा, मनापासून करून देईन.

लष्करकर
ग्वाल्हेरहून. वाचनखूण साठवली. माझ्याकडे डीएस लाइट आहे, त्याच्या खालच्या खाचेत अ‍ॅडव्हान्सची कार्ट चालेल ना? आणि धाकट्याकडे डीएसआय आहे, त्याला आर४ घेऊ का?

सोल्डरवाला
@लष्करकर, डीएस लाइटमध्ये अ‍ॅडव्हान्सची कार्ट चालते, थोडी बाहेर राहते एवढंच. पण गेमबॉय आणि गेमबॉय कलरच्या कॅसेटी डीएसमध्ये बसतच नाहीत, तेव्हा भाचीचा गेम तुमच्याकडे खऱ्या प्रोसेसरवर चालणार नाही.

डीएसआयसाठी काहीच विकत घेऊ नका. त्याला एसडी कार्डाची खाच कंपनीनेच दिलीय. त्यात ट्वायलाइट मेन्यू हे गेम चालवायचं सॉफ्टवेअर टाकलं की कार्टची गरज संपली. आर४च्या नावाखाली आज जे विकलं जातं ते बहुतेक नकलेची नक्कल असतं. मूळ आर४ २ जीबीच्या पुढचं कार्ड घेत नव्हती. नंतरच्या काही नकलांच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, तर तारीख घातलेली असते, ती उलटली की कार्ट चालायचीच बंद होते.

वकील_सुदामानगर
चर्चा तांत्रिक आहे, पण कायद्याची बाजू इथे यायला हवी. घरात अल्पवयीन मुलगी आहे आणि कोणीतरी उद्या 'गेमचं पॅक पाठवतो' म्हणेल, म्हणून लिहितो.

रिकामी कार्ट आणि त्यात स्वतः बनवलेला गेम, यात आक्षेपार्ह काही नाही. कर्त्याने मोफत वाटलेला होमब्रू, म्हणजे हौशी लोकांनी स्वतः बनवलेला, गेम असेल तरी तेच. विकत घेतलेल्या गेमच्या प्रतीबद्दल आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(एए) आहे. संगणक प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे त्याला ती हरवू, नासू वा खराब होऊ नये म्हणून तात्पुरतं संरक्षण या नात्याने बॅकअप करता येतो, तोही ज्या वापरासाठी प्रोग्राम दिला त्याच वापरासाठी. म्हणजे आधार तुमच्या हातातल्या कॅसेटचा. नेटवरून उतरवलेल्या हजार गेमांना हे कलम पांघरता येत नाही.

२०१२च्या सुधारणेने कलम ६५-ए आलं. हक्कभंगाच्या इराद्याने तांत्रिक संरक्षण तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. परदेशात तर खुद्द उपकरणांवरच निकाल लागलेत. आर४सारख्या कार्टांच्या आयात-विक्रीवर टोकियोच्या न्यायालयाने २००९ साली बंदी घातली, आणि इंग्लंडच्या हायकोर्टाचा निकाल २०१० साली त्यांच्याविरुद्ध गेला. म्हणून माझं स्पष्ट म्हणणं: कार्टमध्ये काय भरता, त्यावर सगळं अवलंबून आहे. गेम बनवणाऱ्या मुलीला तर हे आधी शिकवावं, कारण उद्या तिचाही गेम कोणी फुकट उचलेल.

रामबागकर
वकीलसाहेब, अगदी मनातलं बोललात. घरात हाच नियम ठेवतो: भाचीचा गेम, मोफत होमब्रू, आणि आमच्याच कॅसेटींचे बॅकअप. बाकी काही नाही.

पण आमच्या कॅसेटी खऱ्या आहेत की नकली हे कसं ओळखू? आणि बॅकअप काढायचा कसा?

सोल्डरवाला
रुबीचं कवच अर्धपारदर्शक लाल असायला हवं. टॉर्च घ्या आणि कॅसेटच्या तोंडात बघा. पिनांच्या लगेच वर, हिरव्या पाटीवर निन्टेंडोचं नाव बारीक छापलेलं दिसलं पाहिजे. मग लेबल तिरप्या उजेडात धरा: खऱ्या लेबलवर दोन आकडी नंबर दाबून उमटवलेला असतो. छापील नव्हे, खोलगट. नखाने जाणवतो. नकली रुबीत बहुधा घड्याळच नसतं, त्यामुळे कोरी असतानाही ती 'बॅटरी संपली' म्हणते.

खरी असेल तर घाबरायचं कारण नाही. रुबीचा सेव्ह फ्लॅशमध्ये राहतो, बॅटरी फक्त घड्याळासाठी. बॅटरी मेली तरी सेव्ह शाबूत, फक्त गेममधली बोरांची झाडं वाढायची थांबतात. गोल्डची गोष्ट उलटी आहे. तिथे सेव्ह आणि घड्याळ दोन्ही एकाच बॅटरीवर, म्हणून ती लवकर संपते. तिला सीआर२०२५ लागते, रुबीला सीआर१६१६. दुकानातली नुसती सपाट बॅटरी आणू नका, पट्ट्या जोडलेली आणा. सपाट बॅटरीला थेट डाग दिला की ती तापते, फुटूही शकते. आणि आत पोचायलाच वेगळे पेचकस लागतात: गोल्डला ३.८ मिमीचा गेमबिट, रुबीला तीन पाकळ्यांचा.

बॅकअपसाठी जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यू नावाची छोटी पाटी मिळते. कॅसेट तिच्यात खोचायची, यूएसबीने लॅपटॉपला जोडायची, फ्लॅशजीबीएक्स हे मोफत सॉफ्टवेअर उघडायचं. गेम आणि सेव्ह दोन्हींची फाईल मिळते. दोन्ही पिढ्यांच्या कॅसेटींना चालते. शिवाय एकाच गेमची पुन्हा लिहिता येणारी साधी कॅसेट मिळते, तिच्यातही हीच पाटी गेम भरते. भाचीला मैत्रिणीला वाढदिवसाची भेट म्हणून कॅसेट द्यायची असेल तर फ्लॅश कार्टपेक्षा हे कितीतरी स्वस्त पडेल. वर स्वतःचं लेबल चिकटवा!

रामबागकर
टॉर्चने पाहिलं. नाव दिसतंय, लेबलवर नंबरही बोटाला लागला. खरी आहे! केवढा आनंद झाला म्हणून सांगू. आणि भेटीच्या कॅसेटची कल्पना ऐकून भाची लेबलचं चित्र काढायला बसलीसुद्धा.

तिचा एक प्रश्न आहे, तिच्याच शब्दांत: "माझी मराठी अक्षरं ओळीत नीट बसत नाहीत, जोडाक्षर आलं की चौकोन फुटतो. काय करू?"

बडोद्याची_चिप
अगं, या प्रश्नावर मी खूप डोकं घालवलंय. गेमबॉयचा पडदा ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकोनांत विभागलेला आहे: आडवे २०, उभे १८. इंग्रजी अक्षर एका चौकोनात बसतं. आपल्याला वरची एक ओळ शिरोरेखेला, तिच्यावर वेलांटी आणि मात्रेला जागा, खाली उकार. आठ ठिपक्यांत 'कू' काढून बघ, पोट राहतच नाही. म्हणून उंची सोळा धर, म्हणजे एकावर एक दोन चौकोन. पडद्यावर नऊच ओळी मावतील, पण वाचता येतील.

दुसरी अडचण ऱ्हस्व वेलांटीची. 'कि' लिहिताना आपण क आधी टाइप करतो, पडद्यावर मात्र वेलांटी आधी यायला हवी. फोन-लॅपटॉपवर हे आपोआप होतं. जीबी स्टुडिओ एका अक्षराला एक चित्र एवढंच ओळखतो. त्यामुळे 'कि', 'क्ष', 'त्र', 'प्र' यांची वेगळी चित्रं काढायची आणि फॉन्टमधल्या न लागणाऱ्या चिन्हांच्या जागी बसवायची. सगळी जोडाक्षरं काढत बसू नकोस. आधी संवाद पूर्ण लिही, त्यात खरंच येणारी जोडाक्षरं मोज आणि तेवढीच काढ. आणि संवाद लिहितानाच शब्द निवडता येतात. 'प्रश्न'ऐवजी 'कोडं' लिहिलंस की दोन चित्रं वाचली, आणि वाक्यही बोलल्यासारखं झालं.

मोठं शीर्षक मात्र सरळ चित्र म्हणूनच काढ. साध्या गेमबॉयसाठी एका पार्श्वभूमीत १९२ वेगवेगळे चौकोन चालतात, पडद्यावर एकूण ३६० असतात. राजवाड्याच्या खिडक्या एकसारख्या ठेव, तोच चौकोन पुन्हा पुन्हा वापरता येईल.

लष्करकर
हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका ताई. आमच्याकडे जयविलास पॅलेसवर कोणी असा गेम करेल का असं मनात आलं.

अन्नपूर्णा_रोड
मान्य, आता मला कळलं कार्ट कशासाठी. एसडी कार्डाबद्दल माझ्याकडून भर घालतो, हे माझं रोजचं काम आहे. ३२ जीबीच्या वर जाऊच नका. ६४चं कार्ड कारखान्यातून एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट होऊन येतं, आणि काही कार्टांना एफएटी३२च लागतं. ३२ जीबीही या कामाला डोक्यावरून पाणी आहे, गेमबॉयचे गेम केबीत मोजतात. बाजारात नकली कार्डं भरपूर: वर ३२ लिहिलेलं, आत ८. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३ चालवून पूर्ण कार्ड भरून-वाचून तपासा, मगच कार्टमध्ये घाला. कार्टमध्ये फाईल गायब झाली की लोक कार्टला शिव्या देतात, दोष बहुतेक वेळा कार्डाचा असतो.

रामबागकर
मग असं ठरवतोय, चुकत असेल तर अडवा. आत्ता ईझेड-फ्लॅश ज्युनिअर आणि एक जीबीएक्सकार्ट. गोल्डची बॅटरी बदलून घ्यायची, रुबी आहे तशीच राहू द्यायची. अ‍ॅडव्हान्सची कार्ट सध्या नको. भाची पुढे अ‍ॅडव्हान्ससाठी लिहायला लागली तर तेव्हा ओमेगा डेफिनिटिव्ह.

मागवायचं कुठून? अलीएक्सप्रेस तर २०२० पासून आपल्याकडे बंद.

सोल्डरवाला
बेत पक्का आहे, बदलू नका. अ‍ॅडव्हान्ससाठी लिहायची वेळ आली की तिला बुटानो हे त्यासाठीचं साधन दाखवा, सी++ येत असेल तर सुंदर गोष्ट आहे. तोपर्यंत एमजीबीए एम्युलेटरवर सराव फुकट.

मागवताना उत्पादकाच्या साइटवर अधिकृत विक्रेत्यांची नावं असतील तर त्यांच्याकडूनच घ्या, कारण या कार्टांच्याही नकला निघाल्यात. कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरूनच हिशेब करा. जेल रोडला पार्सलपेक्षा स्वस्त मिळतेय असं कोणी म्हणालं तर फर्मवेअर अपडेट तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. नकली असेल तर बहुधा तिथेच अडकते.

आणि जीबीएक्सकार्ट येईपर्यंत थांबू नका, माझी आहे. मी लोकमान्य नगरात राहतो, व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठवतो. रविवारी पोहे खाऊन भाचीला घेऊन या. गोल्ड आणा, रुबी आणा, तिच्या गेमची फाईल पेनड्राइव्हवर आणा. माझ्याकडे एक पुन्हा लिहिता येणारी कॅसेट पडून आहे, तिच्यात भरून बघू. पट्टीवाली सीआर२०२५ तेवढी येताना घेऊन या, माझ्याकडची संपलीय.

रामबागकर
येतोच. भाची विचारतेय, फाईल जीबी निवडून काढू की जीबी कलर?

सोल्डरवाला
दोन्ही काढून आण म्हणावं. माझ्याकडे १९८९च्या मॉडेलचा राखाडी गेमबॉयही आहे, त्यावर फक्त कलरसाठी काढलेली फाईल चालायची नाही.